पिवळ्या अक्षरांचा पट्टा

सासऱ्यांच्या पाया पडायला वाकताना गळ्यात कॅमेरा ठेवू नये. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत मला स्वतःलाही सुचली नव्हती. बदलापुरात हेंद्रेपाड्याच्या घरात, पाहुण्यांनी गच्च भरलेल्या खोलीत मी तात्यांपुढे भक्तिभावाने वाकलो. माझ्याबरोबर माझा कॅमेरा वाकला नाही. तो गळ्यातल्या पट्ट्याला झोका घेऊन पुढे गेला आणि त्याची लेन्स तात्यांच्या गुडघ्याच्या वाटीवर अशी बसली, की अख्ख्या खोलीला आवाज आला.

"आयाऽयाऽ!" तात्या ओरडले.

प्रवासवर्णन म्हटलं की लोक हिमालयातून सुरुवात करतात. माझं एका गुडघ्यापासून सुरू होतंय, त्याला इलाज नाही. आम्ही नाशिकहून बदलापूरला गेलो ते तात्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला. पुढचे दोन दिवस हाताशी होते, म्हणून मी उल्हासनगर आणि अंबरनाथचा फोटो-दौरा आखला. आमच्या कॉलनीतले लोक लडाखला जाऊन येतात आणि आम्हाला बोलावून दोन-दोन तास याक दाखवतात. त्यांच्यापुढे मी अंबरनाथ म्हटलं की ते ऐकतात अमरनाथ, आणि मी दुरुस्ती केली की चहा लवकर संपवतात. त्यांच्यासाठीच हे लिहितोय. तिथे बर्फ नाही, पण घाम फुटण्याची सोय उत्तम आहे.

हेंद्रेपाडा, गुरुवार

तर गुडघा. त्या वेळी तात्यांच्या शेजारी, त्याच सोफ्यावर, त्यांचे धाकटे भाऊ बसले होते. त्यांना सगळे 'भाऊ'च म्हणतात. तात्या राहतात रुळांच्या पश्चिमेला, भाऊ पूर्वेला शिरगावात. मधे एक पूल आहे, रिक्षा मिळते. पण माझं लग्न झाल्यापासून मी या दोघांना एकमेकांशी बोलताना पाहिलेलं नव्हतं. कारण होतं शेताच्या बांधावरचं एक रायवळ आंब्याचं झाड. ते कुणाचं, यावरून बिनसलं. पुढे त्या जमिनीवर सात मजली इमारत आली, झाड गेलं, आता तिथे कुणाची तरी चारचाकी उभी असते. हे दोघं मात्र अजून बांधावरच उभे.

त्या दिवशी भाऊ न सांगता आले. कुणी काही बोलायच्या आत सोफ्यावर येऊन बसले आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "रविवारी सकाली निंगतोय. पोराकडं, बडोद्याला. आता हितं काय नाय माजं." तात्या दुसऱ्या भिंतीकडे बघत "बरं" म्हणाले. सगळं संभाषण एवढंच. बायका आत एक्याऐंशी दिव्यांचं ताट लावत होत्या, पोरं आपापले फोन घेऊन त्या ताटावर झुकली होती. सोफ्याकडे बघायची हिंमत कुणाला नव्हती. ही कोंडी फुटावी म्हणून मी पुढे झालो आणि वाकलो.

तात्या ओरडले. मग भाऊ फिसकन हसले.

"तात्या, तुजा जावय हाय का हातोडा रं?"

तात्यांनी गुडघा चोळता चोळता त्यांच्याकडे पाहिलं. किती वर्षांनी पाहिलं कोण जाणे. "तुला हसाया येतंय होय? तुला मारलं असतं म्हंजे..." असं म्हणता म्हणता ते स्वतःच हसायला लागले. दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर आपटत, ठसका लागेपर्यंत हसले. मी खाली गुडघ्यावर, शरमेनं लाल. कॅमेरा सावरायला हात घातला आणि बोट बटणावर पडलं. खटक्.

एवढाच एक फोटो. दुसरा काढेपर्यंत ताट बाहेर आलं, गडबड झाली, भाऊ प्रसादाचा लाडू खिशात घालून निघूनही गेले. मी कॅमेऱ्याच्या मागच्या चिमुकल्या पडद्यावर पाहिलं. दोघं हसताना आलेत, एवढं कळलं. सुलभानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि लगेच आत गेली. ती रडायला आत गेली, हे मला उशिरा कळलं.

रात्रीच्या जेवणाला तात्या म्हणाले, "जावयबापू, तो फोटू भाऊ जायच्या आदी त्याला पोचला पायजे. कागदावर. फोनमधला नको, त्याला फोन दिसत नाय."

"पोचला म्हणून समजा," मी म्हणालो.

माझा कॅमेरा जुना. तो फोनशी बोलत नाही, कुठे काही पाठवत नाही, जे आहे ते त्याच्या पोटातल्या कार्डात. कार्ड दुकानात नेऊन छापून आणायचं, एवढंच काम. सुलभा म्हणाली, "उद्या सकाळी पहिलं ते करू." मी म्हणालो, "उद्या उल्हासनगर. शनिवारी आधी अंबरनाथचं देऊळ, सकाळी उजेड चांगला असतो. परत येताना कात्रपच्या फोटो स्टुडिओत छापू, तिथून शिरगावला देऊ. एका फेरीत सगळं." नियोजनाच्या बाबतीत मी स्वतःला हुशार समजतो. घरात तसं समजणारा मी एकटाच आहे.

"निदान तो पट्टा बदला," ती म्हणाली. "कुणाचा तरी जीव घ्याल."

उल्हासनगर, शुक्रवार

पट्टा बदलायची माझीही इच्छा होतीच, कारण वेगळं. कॅमेऱ्याबरोबर आलेला तो काळा पट्टा, त्यावर कंपनीचं नाव पिवळ्याधमक अक्षरांत, हाताच्या पंज्याएवढं. तो गळ्यात घातला की मी फोटोग्राफर दिसत नाही, सहलीला आलेल्या शाळेचा मास्तर दिसतो. मान दुखते ती वेगळीच.

उल्हासनगरात पत्ता विचारला की आधी कॅम्पचा नंबर विचारतात. आमच्याकडे 'कोणती गल्ली' म्हणतील, इथे 'कौनसा कॅम्प?' सिंधी निर्वासितांच्या छावण्या होत्या त्यांचं शहर झालं, नंबर राहिले. मेहुण्याची स्कूटर एका बोळाच्या तोंडाशी लावून आम्ही आधी दाल-पकवान खाल्लं. पकवान म्हणजे पुरीची थोरली बहीण, कडक आणि पातळ. वर हरभऱ्याची डाळ, चिंचेची चटणी, कांदा. मिसळीच्या गावचा माणूस असल्यामुळे मी तर्री मागितली. गाडीवाल्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लग्नात जाऊन नवरी बदलून मागितली. पकवान मोडताना त्याचा एक तुकडा उडून सुलभाच्या पर्सवर पडला. ती म्हणाली, "आज कॅमेरा पिशवीत आहे, तरी नेम आहेच."

कॅमेऱ्याच्या वस्तूंचं दुकान एका जीन्सच्या घाऊक दुकानाच्या वर, अरुंद जिन्यानं चढून. मालक गल्ल्यामागे पाय दुमडून बसलेले, सफेद मिशा, कपाळाला टिळा.

"बोलो साईं, क्या चाहिये?"

"पट्टा. कॅमेऱ्याचा."

"गले का, हाताचा, का तिरका?" ते मराठी-हिंदीत सहज ये-जा करत होते. बोलता बोलता गल्ल्यावर पट्ट्यांचा ढीग पडला. चामड्याचा एक होता, वास फार चांगला, पण घाम लागला की काळा पडतो असं त्यांनीच सांगितलं. मनगटात अडकवायचा एक होता, पण मग दुसऱ्या हाताने भेळ कशी खायची हा प्रश्न. एक होता दोन्ही खांद्यांवरून येऊन पाठीवर फुली मारणारा. तो मी घालून पाहिला.

"काढा," सुलभा म्हणाली. "नांगराला जुंपल्यासारखे दिसता."

मग तिनं तपासणी सुरू केली. एकेका पट्ट्याचं एक टोक चपलेखाली दाबायचं आणि दुसरं दोन्ही हातांनी वर ओढायचं. टाके करकरायला लागले.

"दीदी, दीदी! पट्टा आहे, बैल नाही बांधायचा!"

"बैलच बांधायचाय," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

माझं मन मात्र एकावरच बसलं होतं. तिरका पट्टा. एका खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेवर येतो. कॅमेरा त्याला उलटा लटकतो. कॅमेऱ्याच्या तळाशी तिपाईसाठी एक भोक असतं ना, त्यात पट्ट्याचा पेच पिळून बसवायचा, बस्स. वाकलं तरी कॅमेरा पुढे येत नाही. झटकन वर घेतला की डोळ्याला. मी आरशासमोर दोन-तीनदा झटकन वर घेऊन पाहिला. मला मी पाश्चात्त्य सिनेमातला पिस्तूलवाला वाटलो. सुलभानं ओठ दाबून ठेवले होते.

मालक काहीतरी सांगत होते, "ये रबर की चकती है ना, पेचासोबत लावायची. और बीच बीच में हात लगा के देखने का. पेच है, चलते चलते घूमता है." मी मान हलवली. मान हलवणं वेगळं, ऐकणं वेगळं. ऐकत होती सुलभा.

म्हणून जिना उतरल्यावर ती समोरच्या कापडाच्या बाजारात शिरली आणि परकराच्या नाडीचं बंडल घेऊन आली. रंग राणी.

"हे कशाला?"

"एका पेचावर माझा विश्वास नाही. कॅमेऱ्याच्या वरच्या कडीतून नाडी ओवायची आणि तुमच्या पट्ट्याला गाठ मारायची. पेच सुटला तरी नाडी धरेल."

"नाडी! तुटली म्हणजे?"

"आजवर कुणाच्या परकराची तुटल्याचं ऐकलंय?" तिनं भर रस्त्यात विचारलं. दोन दुकानदार माझ्या उत्तराची वाट बघत थांबले. मी स्कूटर सुरू केली.

संध्याकाळी तिनं स्वतः ती अख्खी नाडी न कापता, चार पदरी करून ओवली, गाठ मारली, ओढून पाहिली. रबराची चकती मी लावून पाहिली. चकतीनं पेच घट्ट बसत नाही, नुसता गुबगुबीत लागतो, असं माझं अभियांत्रिकी मत झालं. मी अभियंता नाही. चकती सकाळी घालायच्या शर्टाच्या खिशात टाकली. पिवळ्या अक्षरांचा पट्टा गुंडाळून बॅगेच्या तळाशी गेला.

अंबरनाथ, शनिवार सकाळ

देवळाबद्दल लिहायला मी लहान आहे. काळा दगड, आणि त्या दगडावर एक बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. आसपास इमारती, गॅरेज, रिक्षांचे हॉर्न, खाली ओढ्याचं काळपट पाणी. आणि मधेच हे उभं, आपल्याला याच्याशी काही देणंघेणं नाही अशा चेहऱ्यानं. आमच्याकडची देवळं ओट्यावर चढून बघायची. इथे गाभारा खाली आहे. पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जायचं, आणि वर बघितलं तर छताच्या जागी आकाश.

मी बाहेरच्या भिंतीवरच्या बायकांचे फोटो काढत राहिलो. त्यांच्या गळ्यात हार, कमरेला पट्टे, त्यांना लोंबणारे गोंडे, सगळं दगडाचं. शतकानुशतकं लोंबतंय आणि एकही सुटलेलं नाही. तेव्हा ते नुसतं सुंदर वाटलं होतं. आता आठवलं की टोमणा वाटतो.

तिथे तरुण फोटोग्राफरांचा एक घोळका होता. सगळ्यांचे कॅमेरे तिरक्या पट्ट्यांवर. मी त्यांच्याजवळून दोनदा गेलो, उगाच. तिसऱ्यांदा एक मुलगी अदबीनं म्हणाली, "काका, एक विचारू? सॉरी हां, पण... ती नाडी आहे का?"

"अं? नाही, ते... एक प्रकारची सेफ्टी आहे."

"क्यूट आहे!" ती म्हणाली आणि घोळक्यात कुणीतरी खोकलं. ते खोकणं साधं नव्हतं.

सुलभा गाभाऱ्यात उतरली होती. मी एका खांबाआड गेलो आणि नाडी सोडली. घडी करून पँटच्या खिशात. मग पेच एकदा पिळून पाहिला. घट्ट होता. बायको वर आली तेव्हा मी कॅमेरा मुद्दाम दुसऱ्या बाजूला घेतला. आज विचार करतो, की त्या पोरांना मी कधी परत भेटणार नव्हतो. बायकोला रोज भेटणार होतो. तरी मी कुणाचं मत धरलं?

"आता कात्रप," ती म्हणाली.

"दुपारचं दुकान बंद असेल. कोंडेश्वर करून येऊ की. तासाभराचं काम."

"फोटो आधी."

"फोटो कुठे पळतोय?" मी म्हणालो. हे वाक्य मी म्हणालो.

कोंडेश्वर, दुपार

बदलापूर पूर्वेकडून शेतांतून, वाड्यांतून रस्ता डोंगराच्या पायथ्याशी जातो. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. भात कापून पडलेलं, हवेत पेंढ्याचा वास. रस्ता काही ठिकाणी आहे. जिथे नाही तिथे स्कूटर खणखणत होती, आणि माझ्या कमरेवर कॅमेराही. प्रत्येक खड्ड्यागणिक तो पेच आत काय करत होता, ते मला ठाऊक नव्हतं.

कोंडेश्वराचं देऊळ लहान. त्याच्यामागे डोंगरातून पाणी येतं आणि खडकांच्या खोल कुंडात पडतं. पावसाळ्यात इथे माणसं बुडतात, तशा पाट्याही लावल्यात. आम्ही गेलो तेव्हा धार बारीक झाली होती, पण कुंड भरलेलं. पाणी हिरवंगार आणि तळ दिसत नव्हता. आम्ही दोघं सोडून कुणी नव्हतं. देवळातला पुजारीही जेवायला गेला असावा.

कुंडाच्या वरच्या कडेने खडकाची एक वाट जाते. सुलभा मागे एका आपट्याच्या झाडाखाली टेकली. मी दोन पावलं पुढे गेलो. सँडलमध्ये खडा गेला होता.

मी वाकलो.

कमर एकदम हलकी झाली. आधी तेवढंच कळलं. मग खाली दगडावर 'टाक्' असा आवाज, मग घासत गेल्याचा, मग काहीच नाही. माझ्या खांद्यावर पट्टा होता, त्याच्या टोकाला पेच होता, आणि पेचाला कॅमेरा नव्हता.

वाटेच्या खाली खडक घसरगुंडीसारखा उतरत कुंडाच्या काठाशी जातो. शेवाळलेला. त्याच्या शेवटच्या टोकाला, एका खुरट्या झुडपाच्या मुळीला माझा कॅमेरा अडकला होता. लेन्स वर आभाळाकडे, पाठीचा अर्धा भाग पाण्यावर अधांतरी. हात पुरणार नव्हता. उतरावं तर मी आणि कॅमेरा दोघंही हिरव्या पाण्यात, आणि पोहता दोघांनाही येत नाही.

"अहो, काय पडलं?"

मी खाली बोट दाखवलं. ती आली, तिनं खाली पाहिलं. माझ्या खांद्यावरच्या रिकाम्या पेचाकडे पाहिलं.

"हलू नका," ती म्हणाली. "नाडी कुठंय?"

"खिशात."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. माझ्या खिशात स्वतः हात घालून तिनं नाडीची घडी काढली. चकतीही शोधायची असावी, कारण मग शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली आणि ती रबराची चकतीही काढून माझ्या तळहातावर ठेवली. त्यानंतर ती झाडीत गेली आणि कारवीची एक लांब वाळकी काठी मोडून आणली.

"तात्या आम्हाला झाडावर चढू द्यायचे नाहीत," ती नाडीला सरकगाठ मारता मारता म्हणाली, माझ्याशी नव्हे, गाठीशी. "भाऊकाका काठीला फास बांधून द्यायचे. देठाला अडकवायचा आणि ओढायचा. आंबा खाली पडायला नको. पडला की मार."

काठीच्या बेचक्यात तिनं फास उघडा धरला, दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं. मग पोटावर झोपली आणि काठी खाली सोडू लागली. मी तिच्या पायांना हात घातला.

"मला धरू नका. आधी झाड धरा, मग मला धरा."

मी एका हाताने आपट्याचं खोड धरलं, दुसऱ्याने तिचा घोटा. आता मला खालचं काही दिसत नव्हतं. फक्त तिच्या खांद्यांची हालचाल आणि काठीचा खडकाला घासल्याचा आवाज. एकदा काठी थांबली. खडा सुटल्यासारखं काहीतरी घरंगळलं आणि पाण्यात 'डुबुक' झालं.

"गेला?" मी विचारलं.

"दगड होता. पण कॅमेरा सरकला. आता कडेवर आहे."

त्याच वेळी तिच्या पर्समधला फोन वाजायला लागला. तात्यांसाठी तिनं वेगळी रिंगटोन ठेवलीय, घंटेची. मला माहीत होतं ते काय विचारणार होते. घंटा वाजत राहिली, थांबली, पुन्हा वाजू लागली. खाली त्या कार्डात दोन भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हसत होते आणि मुळीच्या एका बोटभर धाग्यावर टांगलेले होते. माझा घामेजलेला पंजा बायकोच्या घोट्यावरून सुटतोय असं वाटून मी नखं रोवली. ती "स्स्" म्हणाली, पण काठी हलू दिली नाही.

"बसला," ती हळूच म्हणाली. "लेन्सवर बसला. आता ओढते. तुम्ही श्वास घ्या, नाहीतर पडाल."

नाडी ताणल्याचं मी पाहिलं नाही. मी डोळे मिटले होते. कॅमेरा खडकावरून ठेचकाळत वर येत होता. प्रत्येक ठेच मला ऐकू येत होती. मग तो माझ्या गुडघ्याजवळ आला, राणी रंगाच्या फासात मान अडकवून. लेन्सची काच तडकलेली, एक कोपरा चेपलेला, पण कोरडा.

आम्ही दोघं बराच वेळ तिथेच बसलो. मग तिनं फोन लावला. "हो तात्या. हो, चाललोच छापायला. नाही, रस्त्यात होतो." माझ्याकडे बघून पुढे म्हणाली, "हो, ह्यांच्याजवळच आहे. अगदी नीट."

कॅमेरा तिनं ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतला. परतीच्या वाटेवर मी प्रत्येक खड्डा पायी उतरून पार केला.

कात्रप

अजून संपलं नव्हतं. कॅमेरा सुरूच होईना, आणि कार्डाचं झाकण नेमकं त्या चेपलेल्या कोपऱ्यात. कात्रपच्या फोटो स्टुडिओतला माणूस पासपोर्टचे फोटो कापत बसला होता. त्यानं कॅमेरा हातात घेतला, फिरवला.

"काका, ट्रकखाली गेला काय?"

"वाकलो होतो," मी म्हणालो. त्याला ते कळलं नाही.

त्यानं बारीक पेचकसानं झाकण उचकटलं. ते 'कट्' करून तुटलं. कार्ड चिमट्यानं ओढलं, यंत्रात घातलं. पडद्यावर काही आलं नाही. त्यानं पुन्हा घातलं. पुन्हा नाही. "कोपरा बसलाय बघा याचा," तो म्हणाला. सुलभानं माझं मनगट धरलं, आणि मघाशी मी तिचा घोटा किती घट्ट धरला होता ते मला समजलं. त्यानं कार्ड शर्टाला पुसलं, फुंकर मारली, तिसऱ्यांदा घातलं.

पडदा भरला. देऊळ, दगडी बायका, आणखी दगडी बायका, आरशातला मी, पिस्तूलवाल्याच्या पवित्र्यात. सुलभा म्हणाली, "मागे जा, मागे जा." आणि मग दोघं आले. मोठ्या पडद्यावर, खालच्या बाजूनं काढलेले, तोंडं उघडी, डोळे मिटलेले. भाऊंचा एक हात तात्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर होता. तो हात आम्ही त्या चिमुकल्या पडद्यावर पाहिलाच नव्हता.

आणि खालच्या कोपऱ्यातून मध्यापर्यंत एक धूसर पिवळा-काळा पट्टा आडवा गेलेला. वाकलो तेव्हा माझ्या गळ्यातून सैल होऊन लेन्सपुढे आला असणार.

"शी," मी म्हणालो. "बघा, इथंही हा. कापून टाका हो तो."

"राहू दे," सुलभा म्हणाली. "मोठे दोन काढा. पट्ट्यासकट."

मी का म्हणून विचारलं. ती पर्समधून पैसे काढून मोजू लागली. त्या दिवशी प्रश्न विचारायची माझी पत संपली होती.

शिरगाव, संध्याकाळ

पाकीट घेऊन आम्ही आधी हेंद्रेपाड्याला गेलो. तात्या दारातच उभे होते. धुतलेला सदरा, टोपी, हातात काठी.

"आणा हिकडं. मीच देतो," ते म्हणाले आणि रिक्षा थांबवायला आम्हाला मागे टाकून चालू लागले. गुडघा अजून दुखत होता, तरी.

भाऊंच्या घरात बांधाबांध झालेली. खोकी, सुतळी, रिकाम्या भिंती. तात्या उंबऱ्यात थांबले. भाऊ खोक्यावर बसले होते, ते उठले. दोघंही क्षणभर आपापली भिंत शोधू लागले, पण भिंतींवर आता बघायला काही नव्हतं.

"घे," तात्या म्हणाले. "तुजा फोटू."

भाऊंनी पाकीट उघडलं, फोटो खिडकीच्या उजेडात नेला, डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ. बराच वेळ बघितला. तात्या शेजारी जाऊन उभे राहिले. आता दोघांची डोकी एका फोटोवर.

"दात बग तुजं," भाऊ म्हणाले.

"तुजं तरी हायत का?"

भाऊंनी नाक पुसलं. मग फोटोवरच्या त्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "आनि ह्ये पिवलं काय मदीच आलंय?"

मी घसा खाकरला आणि माफी मागायला तोंड उघडलं. पण त्याआधीच सुलभानं पुढे होऊन फोटोत डोकावलं आणि म्हणाली,

"ते होय, काका? ते आमचे हे."